शेडमधलं उघडं टोक

यातला एकही शब्द रचलेला नाही.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. गॅसवर दूध ठेवलं असेल तर ते बघावं, इथे थांबू नये. पण रश्मीला ओळखणारा कोणीही तिला थापाडी म्हणणार नाही. शिवाय त्या वेळी ती एकटी नव्हती. मच्छिंद्र होता. आज त्याला विचारलं तर तो विषय बदलतो, तंबाखू मळायला घेतो.

पण नाही म्हणत नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते. इथे दोन्ही नाही. हे घडलं ते भर दुपारी. सुरू झालं साल अठ्ठ्याण्णवला, वैशाखातल्या उन्हात. कर्जतहून मिरजगावकडे जाताना रस्त्याला लागून एका दूध संघाचं शीतकरण केंद्र आहे, तिथे. संघाचं नाव सांगत नाही. त्यात संघाचा काही दोष नव्हता.

अशा केंद्राचा दिवस दोन तुकड्यांत चालतो. सकाळी गावोगावचे टेम्पो कॅन घेऊन येतात, संध्याकाळी पुन्हा येतात. तेवढ्या वेळात तिथे जत्रा असते. कॅनचा खणखणाट, ड्रायव्हर लोकांच्या शिव्या, फॅट कमी लागला म्हणून भांडणं.

मधल्या दुपारी मात्र चिटपाखरू नसतं. फक्त कोल्ड रूमचं मशीन घरघरत असतं.

प्रशांत तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर होता. रश्मीचा नवरा. हसतमुख, उद्योगी, हातात सदान्‌कदा पकड नाहीतर स्क्रू ड्रायव्हर. केंद्रात तीन कॉम्प्युटर होते. एक साहेबांच्या केबिनमध्ये, एक ऑफिसात, एक मागच्या शेडमध्ये, जिथे कॅन उतरतात. प्रिंटर एकच, शेडमधल्या कॉम्प्युटरला जोडलेला. जुन्या धाटणीचा डॉट मॅट्रिक्स. छापायला लागला की पत्रे उडाल्यासारखा आवाज करायचा.

प्रशांतच्या डोक्यात एक खूळ होतं. तिन्ही कॉम्प्युटर एका वायरीत ओवायचे. ऑफिसात फॅटचा आकडा टाकला की तिकडे शेडमध्ये शेतकऱ्याच्या हातात छापील पावती. त्यानं काळी केबल आणली, भिंतीच्या कडेनं नेली, कोल्ड रूमच्या भिंतीला भोक पाडून शेडमध्ये काढली. सगळं झालं.

शेडमधलं टोक तेवढं राहिलं.

त्या टोकाला एक छोटं धातूचं टोपण बसवायचं होतं. ते नगरला मिळतं. आणतो म्हणून तो सकाळीच स्कूटरवर निघाला. रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, वळणावर, मागे ना दिवा ना दगड.

तो नगरला पोचलाच नाही.

रश्मी रडली नाही.

बायका म्हणत होत्या, रडवा तिला, नाहीतर आत साचून राहील. कोणी तिचा हात दाबला, कोणी पोरीला मांडीवर आणून बसवलं. काही उपयोग झाला नाही. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो आणि आपला नसतोही. तिचं सगळं अंग तसं झालं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भंतेजी आले, वंदना झाली, लोक जेवून गेले. ती सगळ्यांना वाढत होती. माझ्यात काहीतरी मोडलंय, असं तिला वाटलं. पण तेही लांबून कुणाबद्दल तरी वाटावं तसं.

घरात सासू चांगुणाबाई आणि पहिलीतली लेक संस्कृती. शेत नाही, वाडी नाही. केंद्राचे मॅनेजर सूर्यभान साहेब भला माणूस. त्यांनी संघात शब्द टाकला आणि रश्मीला अनुकंपेवर प्रशांतच्या जागी घेतलं. त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत. बारावी झालेली होती, टायपिंग येत होतं. तेवढ्यावर निभावलं.

पण साहेबांनी पहिल्याच दिवशी दार लोटून घेतलं.

"ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला तात्पुरतं घेतलंय. चेअरमनचा भाचा नगरला कॉम्प्युटर शिकून घरी बसलाय आणि त्याचा डोळा या जागेवर आहे. प्रशांतचं अर्धं काम पुरं झालं, शेडमध्ये छापील पावती निघाली, तर मी तुमच्यासाठी भांडीन. आखाडाच्या आत. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

"करते साहेब," रश्मी म्हणाली.

काय करायचं, हे तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

पहिला आवाज आला त्या दुपारी ती टेबलावर डबा उघडत होती.

ऑफिसात कोणी नव्हतं. साहेब जेवायला घरी गेलेले. पंखा फिरत होता, कोल्ड रूमची घरघर भिंतीतून येत होती.

आणि मग…

टर्रर्र. टर्र. टर्रर्र.

प्रिंटर.

तिला वाटलं, मच्छिंद्र काहीतरी खटपट करतोय. मच्छिंद्र शेडचा माणूस. कॅन उतरवून घेणं, वजन करणं, शेड धुणं हे त्याचं काम. ती उठून मागे गेली. शेडमध्ये कोणी नव्हतं. मच्छिंद्र बाहेर लिंबाखाली टॉवेल तोंडावर टाकून घोरत होता.

प्रिंटरवर प्लॅस्टिकचं कव्हर होतं. प्रशांतनं घातलेलं, तसंच. पण ते पुढच्या बाजूनं फुगलं होतं… खालून कागद वर आला होता.

तिनं कव्हर काढलं. कागद फाडून घेतला.

कोरा.

उन्हाकडे धरून पाहिला, बोट फिरवलं. शाई नाही, साधा टोचासुद्धा नाही. एवढा वेळ खडखडून त्यानं काय छापलं होतं?

तिनं मच्छिंद्रला उठवलं.

"वैनी, म्या कशाला हात लावू? मला त्यातलं काय कळतंय?" तो डोळे चोळत म्हणाला. "त्यो डबा प्रशांतभाऊ गेल्यापासून चालूच हाय. बंद कसा करत्यात ते कुनाला म्हाईत?"

म्हणजे वीज होती. यंत्र आहे, कधी आपोआप चालू होत असेल. रश्मीनं कागद टोपलीत टाकला आणि जाऊन डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्याचं झाकण उघडलं…

टर्रर्र. टर्र.

तिसऱ्या दिवशीही. रोज ती डबा उघडायची आणि रोज एक कागद यायचा. कोरा. ती उशिरा जेवायला बसली तर तोही उशिरा यायचा. एके दिवशी तिनं उपास धरला.

त्या दिवशी प्रिंटर वाजला नाही.

भीती वाटायला हवी होती. तिलाही ते कळत होतं. पण भीतीसुद्धा त्या बधिर गालासारखीच झाली होती. हात लावून बघायची आणि काही लागायचं नाही.

मच्छिंद्रला मात्र लागत होतं. तो दुपारी लिंबाखाली झोपायचा बंद झाला, रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसायला लागला. एकदा हळूच म्हणाला, "वैनी, कावळा शिवल्ता का वं? दहाव्याला?"

"आमच्यात दहावं करत नाहीत, मच्छिंद्रभाऊ."

"ते ठाव हाय मला. तरी म्हन्लं इचारावं." त्यानं तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "त्याचं काम अर्धं ऱ्हायलंय ना. मानसाचा जीव अडकतो."

"आम्ही ते मानत नाही," रश्मी म्हणाली.

ती खरंच मानत नव्हती. आजही मानत नाही. म्हणून तर ही गोष्ट तिला कुठे ठेवावी ते समजत नाही.

सूर्यभान साहेबांनी नगरहून एक इंजिनिअर बोलावला. आदिनाथ त्याचं नाव. सावेडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. पोरगेलासा, बडबड्या, शिकवायची भारी हौस. रश्मीच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला आणि सुरू झाला.

"ताई, घाबरायचं नाही. नेटवर्क म्हणजे तुमचं दूध कलेक्शनच. ही काळी केबल म्हणजे रस्ता. प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे एक गाव, त्याला आम्ही नोड म्हणतो. प्रत्येक गावाच्या कॅनवर लाल रंगात नंबर असतो ना, तसा प्रत्येक नोडला एक नंबर. तो ॲड्रेस. तुम्ही जे छापायला पाठवता त्याचे छोटे छोटे कॅन भरून या रस्त्यानं जातात. त्यांना पॅकेट म्हणायचं."

"आणि प्रिंटर?"

"प्रिंटर म्हणजे तुमचा काटा. काटा एकच, वजन सगळ्या गावांचं. त्याला शेअरिंग म्हणतात. एकदम तिघांनी पाठवलं तर रांग लागते. ती क्यू."

रश्मीला पटापट समजत होतं. खूप दिवसांनी डोक्यात काहीतरी शिरत होतं.

"त्या टोकाला बसवायचं टोपण कशासाठी?" तिनं विचारलं.

"टर्मिनेटर. ते सगळ्यात महत्त्वाचं," आदिनाथ म्हणाला. "रस्ता संपतो तिथे कॅन उतरवून घ्यायला एक माणूस उभा लागतो. दोन टोकांना दोन माणसं. एका टोकाला जरी कोणी नसलं, तर कॅन तिथून उलटे फिरतात, मागून येणाऱ्या टेम्पोवर आदळतात आणि सगळा रस्ता जाम. मग काहीच चालत नाही."

एक टोपण साहेबांच्या केबिनमध्ये होतं, प्रशांतनंच बसवलेलं. आदिनाथनं ते पाहिलं, मान डोलावली. मग गंमत म्हणून रश्मीच्या कॉम्प्युटरवरून शेडमधल्या कॉम्प्युटरला हाक दिली. "याला पिंग म्हणायचं. पलीकडे कोणी असलं की ओ देतं. आत्ता नाही देणार म्हणा, टोक उघडं…"

तो बोलायचा थांबला.

पडद्यावर ओळी येत होत्या. ओ येत होती. एकामागून एक, न चुकता.

"शेडमधल्या टोकाला टर्मिनेटर बसवलाय कोणी?"

"नाही," रश्मी म्हणाली. "तो आणायलाच हे गेले होते."

दोघंही मागे शेडमध्ये गेले. मच्छिंद्र तिथे कॅन धूत होता. केबलचं टोक खिळ्याला अडकवलेलं होतं. ओल लागू नये म्हणून मच्छिंद्रनं त्यावर दुधाची रिकामी पिशवी दोऱ्यानं बांधली होती. आदिनाथनं पिशवी सोडली. आत काही नव्हतं. उघडं टोक.

त्यानं ते बोटांत धरलं आणि चटकन सोडलं.

"गरम आहे," तो म्हणाला.

रश्मीनं हात लावला. कोल्ड रूमच्या थंडगार भिंतीला टेकलेला धातू… आणि मुठीतून आत्ताच कोणी काढून दिल्यासारखा कोमट. विजेनं तापतो तसा नव्हे.

मच्छिंद्र दोन पावलं मागे सरला.

आदिनाथनं बॅगेतून नवा टर्मिनेटर काढला, बसवला. "आता कायद्यानं झालं," असं म्हणून ऑफिसात जाऊन पिंग दिली.

ओ आली नाही.

नेटवर्क मेलं होतं.

त्यानं टोपण काढलं. नेटवर्क चालू. बसवलं. बंद. बॅगेतलं दुसरं लावून पाहिलं. बंद. काढलं की चालू. त्याची बडबड हळूहळू कमी झाली आणि मग संपलीच. शेवटी त्यानं मीटर लावलं. बराच वेळ काट्याकडे बघत राहिला.

"ताई, मी तुम्हाला वेडा वाटेन. या लाइनीवर दोन टर्मिनेटर आहेत असं मीटर सांगतंय. एक केबिनमध्ये आहे. दुसरा…" त्यानं उघड्या टोकाकडे बोट केलं. "इथे आधीच काहीतरी बसलेलं आहे. म्हणून माझं बसवलं की तीन होतात आणि सगळं बिघडतं."

 कोल्ड रूमचं मशीन बंद पडलं, थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "चालतंय ना? पावती निघते ना? मग त्याला बोटं कशाला घालता?"

पावती निघत होती. त्याच संध्याकाळी रश्मीनं ऑफिसात फॅटचा आकडा टाकला आणि शेडमध्ये प्रिंटर खडखडला. काळ्या अक्षरांत, स्वच्छ. शेतकरी पावती उलटसुलट करून बघत होते. कोणीतरी पेढे आणले. साहेबांनी तिथूनच चेअरमनला फोन लावला.

आदिनाथ मात्र चहाही न घेता गेला.

सगळे पांगल्यावर मच्छिंद्र दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"वैनी, तुमी काय बी म्हना. टोकाला मानूस लागतो असं त्यो पोरगा म्हन्ला ना? हितं मानूस हाय. त्यो धरून उबा हाय."

रश्मी कॉम्प्युटरवर कव्हर घालत होती.

"बोला की त्याच्याशी येकडाव," मच्छिंद्र म्हणाला. "काम झालं म्हना. जा म्हना. आपल्या मानसानं सांगितलं की सुटतो मानूस."

ती बोलली नाही.

आम्ही मानत नाही, हे तिनं त्याला पुन्हा सांगितलं असतं. पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण तिला त्याच क्षणी लख्ख दिसलं होतं. ती बोलली आणि त्यानं खरंच सोडलं, तर? नवं टोपण लावून पुन्हा चालू होईल याची काय खात्री? पावत्या बंद. जागा भाच्याला. मग संस्कृतीची शाळा, आईंचं औषध, कर्जतच्या खोलीचं भाडं?

आणि मानतच नसू, तर बोलायचं कुणाशी?

तिनं दिवा बंद केला आणि घरी गेली.

आखाडाच्या आधीच तिची नेमणूक पक्की झाली.

पुढचं सगळं सुरळीत चाललं. सुरळीतच म्हणायचं. ऑफिसातला पंखा बिघडला म्हणून ती दुपारचा डबा शेडमध्ये खायला लागली. पंखा दुरुस्त झाला तरी तिथेच खात राहिली. का, ते तिला सांगता येत नाही. पत्र्याखाली भट्टी व्हायची, पण त्या खिळ्यापाशी बसलं की बरं वाटायचं, एवढंच ती सांगते. पोत्यावर बसायची. झाकण उघडायची.

टर्रर्र. टर्र.

कोरा कागद यायचा. ती घास घ्यायची.

एकदा आदिनाथ महिन्याच्या तपासणीला आला होता. त्यानं क्यू उघडून पाहिली. रांगेत काही नव्हतं. कोणी काही पाठवलं नव्हतं. आणि समोर प्रिंटर वाजत होता. त्यानं स्क्रीन बंद केली आणि सगळं ठीक असल्याचं साहेबांना सांगून टाकलं.

कधी कधी तिच्या ओठांवर यायचं. संस्कृतीचा पहिला नंबर आला. आईंचा गुडघा सुजला. ट्रॉलीवाल्याची केस उभी राहिली. एवढ्या साध्या गोष्टी. ती पाण्याचा घोट घ्यायची आणि गिळून टाकायची. बोलायला जावं आणि त्याच्या हातून सुटावं, ही एकच धास्ती. एका कॅनचीही पावती चुकायला नको होती तिला.

वर्ष गेलं. वर थोडं आणखी गेलं.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर संघानं सगळीकडची जुनी केबल बदलायला काढली. आता नवी पद्धत. मधे एक डबा, हब म्हणतात त्याला, आणि त्यातून प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतंत्र वायर. आदिनाथच आला काम घेऊन. रश्मीला समजावताना त्याचा आवाज जरा हलका झाला होता.

"ताई, यात टोक नसतं. टर्मिनेटर लागत नाही. कोणी… म्हणजे काहीच धरायला लागत नाही."

सकाळच्या कलेक्शननंतर नवं सगळं जोडून झालं. पावती निघाली. साहेबांच्या केबिनमधलं टोपण काढलं. आता काळी केबल नुसती वायर होती, ओढून काढायची आणि भंगारात टाकायची. दोन गड्यांनी ऑफिसातून ओढायला घेतली.

थोडी आली.

मग अडकली.

"भोकात गुतली असंल," एक गडी म्हणाला. दोघांनी पाय रोवले, जोर लावला. वायर तसूभर हलली नाही. आदिनाथ आत जाऊन भोक पाहून आला. भोक मोकळं होतं. त्याचा चेहरा पाहून रश्मी उठली.

"वैनी!" शेडमधून मच्छिंद्रची हाक आली. एवढा मोठा गडी, पण आवाज चिरकला होता. "वैनी, हिकडं या!"

ती गेली.

वायर खिळ्यावरून सुटलेली होती. भिंतीतल्या भोकातून बाहेर आली होती… आणि हवेत सरळ ताणलेली होती. जमिनीला समांतर. कमरेएवढ्या उंचीवर. पलीकडून गडी हिसका देत होते, तेव्हा ती थरथरत होती.

टोकापाशी कोणी नव्हतं.

बाहेर टळटळीत ऊन होतं. शेड स्वच्छ धुतलेली. सावली लपायला जागा नव्हती आणि सावली नव्हतीही. मच्छिंद्र कॅनच्या रांगेला पाठ लावून उभा होता.

"कापून टाकू का?" आदिनाथनं मागून विचारलं. त्याच्या हातात पकड होती.

"नको," रश्मी म्हणाली.

ती टोकापाशी गेली. अगदी जवळ, समोरासमोर दोघं बोलायला उभे राहतात तेवढी. तिनं पदर सावरला. का सावरला, कुणास ठाऊक.

"अहो," ती म्हणाली.

वायरची थरथर थांबली.

"झालं काम. सोडा आता."

वायर खाली पडली.

पलीकडे दोघं गडी धाडकन उताणे पडले आणि शिव्या देऊ लागले. काळी केबल जमिनीवरून सरसरत गेली, भोकात शिरली, दिसेनाशी झाली. सगळं इतक्या चटकन झालं की मच्छिंद्रला हात जोडायलाही सवड मिळाली नाही.

त्या दुपारी रश्मीनं डबा उघडला.

प्रिंटर वाजला नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चांगुणाबाई भाकरी करत होत्या. रश्मी उंबऱ्यातच टेकली, चप्पलसुद्धा न काढता. तिनं सासूला सगळं सांगितलं. पहिल्या कोऱ्या कागदापासून. इतके दिवस घरात यातलं एक अक्षर तिनं काढलं नव्हतं.

म्हातारीनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी पदरानं डोळे पुसले.

"सुटलं माजं लेकरू," ती म्हणाली. "बरं केलंस, पोरी."

"तसं नाही आई."

"मंग?"

"मी सोडा म्हटलं आणि त्यांनी सोडलं. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं."

चांगुणाबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

"मी रोज तिथे बसून जेवत होते, आई. ते समोर उभे होते आणि त्यांना ऐकू येत होतं. आणि मी एक शब्द बोलले नाही."

इथे ती रडली, असं सांगायला बरं वाटलं असतं. नाही रडली. उठली, हातपाय धुतले, संस्कृतीला जेवायला वाढलं.

ती अजून त्याच केंद्रात आहे. प्रिंटर नवा आलाय, त्याचा आवाज जवळपास होतच नाही. दुपारी सगळे पांगले की ती शेडमध्ये पोत्यावर बसते आणि डबा उघडायच्या आधी बोलते. मोठ्यानं. पोरीचे मार्क, आईंचा गुडघा, कुठल्या गावचा टेम्पो उशिरा आला. मच्छिंद्र तेवढा वेळ बाहेर जाऊन बसतो.

आता हितं कोनी न्हाई, असं तो म्हणतो. रश्मीलाही तसंच वाटतं. आता तिला भीती वाटते ती या एकाच गोष्टीची.

तरी ती बोलते.